ताटं उचलायला अमेरिकेला?

कर्ज काढून मुलाला एमएससाठी पाठवलं आणि तो तिथे विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये काउंटरवर उभा राहतो, हे नातेवाइकांना सांगताना बऱ्याच आईवडिलांची जीभ अडखळते. अडखळायचं काही कारण नाही. पण 'अनुभव मिळतो ना!' म्हणून हुरळून जायचंही कारण नाही. काम काय असतं ते आधी नीट बघू.

अमेरिकी विद्यापीठाचा डायनिंग हॉल म्हणजे आपली मेस नव्हे. विद्यार्थ्यांनी सत्राच्या सुरुवातीलाच मील प्लॅन घेतलेला असतो. दाराशी कार्ड स्वाइप केलं की आत हवं तेवढं खा. स्वयंपाकघर सोडून विद्यार्थ्यांना दिसणारं जे जे आहे त्याला फ्रंट ऑफ हाउस म्हणतात. म्हणजे दारावरची नोंद, वाढपाचे काउंटर, सॅलड बार, टेबलं, खरकटी ताटं परत घेणारी खिडकी आणि पदार्थांपुढच्या पाट्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पससारख्या ठिकाणी हा कारभार विद्यापीठ स्वतः बघतं आणि तिथल्या जेवणाचं नावही मोठं आहे. इतर अनेक ठिकाणी अरामार्क, सोडेक्सो, चार्टवेल्स अशा कंपन्यांकडे कंत्राट असतं.

दुपारचे वर्ग सुटले की एकदम झुंबड उडते. काउंटरवरच्या विद्यार्थ्याला किंवा इंटर्नला तेव्हा चार गोष्टींवर नजर ठेवावी लागते. पास्त्याकडे रांग नाही, ग्रिलकडे आहे, तर माणूस तिकडे हलवायचा. ट्रे रिकामा व्हायच्या आत दुसरा मागवायचा. गरम पदार्थ 57 अंश सेल्सिअसच्या खाली आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या वर जात नाहीत ना, हे थर्मामीटर घालून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

सगळ्यात जोखमीची गोष्ट ॲलर्जीची. अमेरिकेत खाद्यपदार्थांवर ठळकपणे सांगायच्या ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन वगैरे आठ घटक होते. 2021च्या कायद्याने तिळाची भर पडली आणि 1 जानेवारी 2023 पासून ती लागू झाली. हा कायदा मुख्यतः पाकीटबंद मालासाठी असला, तरी डायनिंग हॉलच्या पाट्याही सहसा हीच यादी धरून लिहितात. समोरची मुलगी विचारते, "हमसमध्ये तीळ आहेत का?" हमसमध्ये ताहिनी असते, म्हणजे तीळच, उत्तर सोपं. पण शेजारच्या भाजलेल्या वांग्यांच्या ट्रेमध्ये कोणीतरी हमसचाच चमचा खुपसून ठेवलेला दिसला तर? वांग्यांच्या पाटीवर तीळ नाहीत, ट्रेमध्ये मात्र आहेत. मग भर गर्दीत रांग थांबवून तो ट्रे उचलायचा आणि नवा मागवायचा. आतून शेफ कुरकुरणार, बाहेर पोरं घड्याळं बघणार. तरीही विशीतल्या मुलाने ठामपणे हे करायचं. माझ्या मते या कामातलं खरं शिक्षण हेच आहे आणि ते कुठल्याही वर्गात मिळत नाही.

आता व्हिसा. एफ-1वरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला कमाल 20 तास काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. कॅम्पसवरच्या कामाचं उदाहरण म्हणून नियमातच कॅफेटेरियाचा उल्लेख आहे, त्यामुळे काम कंत्राटी कंपनीचं असलं तरी चालतं. दोन ठिकाणी काम केलं तरी मर्यादा मिळून वीसच. 'एक शिफ्ट जास्त केली तर कोण बघतंय' हा विचार थेट व्हिसावर बेततो.

पैशांचा हिशेबही आधीच मांडावा. केंद्रीय किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलर आहे. बऱ्याच राज्यांत जास्त मिळतं. त्यात किराणा आणि थोडंफार भाडं निघेल, फी निघणार नाही. संगणकशास्त्राच्या मुलाने हे काम खुशाल करावं, पण उन्हाळ्यासाठी आपल्या विषयातली इंटर्नशिप शोधणं थांबवू नये. काउंटरवर दोन वर्षं काढली म्हणून कोणी सॉफ्टवेअरची नोकरी देत नाही.

हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांचं गणित वेगळं. दादर किंवा पर्वरीच्या संस्थेत शिकणाऱ्यांसाठी, तसंच पदवी घेऊन वर्ष न उलटलेल्यांसाठी, जे-1 व्हिसाची इंटर्नशिप हा मार्ग आहे; ती जास्तीत जास्त 12 महिन्यांची. त्यात डीएस-7002 नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा भरून सह्या कराव्या लागतात. या क्षेत्रातली इंटर्नशिप सहा महिने किंवा त्याहून जास्त असेल, तर किमान तीन विभागांत फिरवणं बंधनकारक आहे. पालकांनी हा कागद मुलासोबत बसून वाचावा. त्यात सगळे महिने ताटांच्या खिडकीवरच दिसले, तर सही करण्याआधी जे-1 व्हिसाच्या प्रायोजक संस्थेला लेखी विचारा. 'तिकडे गेल्यावर बघू' असं एजंट म्हणाला, तर त्याच्या भरवशावर पैसे भरू नका.