नाकाची दुसरी शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेनंतर नाक मनासारखे झाले नाही, तरी निदान वर्षभर थांबा. शेंड्याची सूज तितकी रेंगाळते. श्वास अडत असेल तर मात्र लगेच दाखवा. नवलाख उंबऱ्याहून पुण्याला तपासायला जाताना जुने फोटो, डिस्चार्ज कार्ड न्या. दुसरी शस्त्रक्रिया अवघड : आत व्रण असतात, पडद्याची कूर्चा संपली असेल तर कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते.

कातडीच गेली असेल तर कपाळाची वळवतात. टिपूच्या कैदेत नाक कापलेल्या कावसजी गाडीवानाला पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या कारागिराने असेच नाक दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकाने कावसजीचे नाव छापले, कारागिराचे नाही.