कर्करुग्णाची शुश्रूषा आणि परिचारकाचे पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी त्याला पाहिले व आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजवले. मग भिक्खूंना एकत्र करून विचारणा केली. तो संघाच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नाही, असे उत्तर आले. तेव्हापासून रुग्णसेवा हे संघाचे कर्तव्य ठरले.

करुणेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. परंतु तेथेच चांगल्या परिचारकाचे पाच गुणही सांगितले आहेत. कर्करोगाच्या वॉर्डातील परिचारिका रुग्णाला कितपत आराम देऊ शकते आणि ते कशावर अवलंबून असते, हे त्यांच्या आधारे पाहू.

(१) औषध देण्याची पात्रता : यादीत हा गुण पहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवर मार्गदर्शन केले. त्यानुसार वेदना उसळण्याची वाट न पाहता औषध ठरलेल्या वेळी, शक्यतो तोंडाने द्यावे. तीव्र वेदनेला मॉर्फिन द्यावे. योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल ही भीती बहुधा अनाठायी असते. ज्या परिचारिकेला हे शिकवलेले नाही, ती मायाळू असूनही हात आखडता घेते.

(२) हितकर व अहितकर जाणणे : केमोने तोंड आले असेल तर तिखट व गरम टाळून मऊ, कोमट अन्न द्यावे. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याने रेचक द्यावे. अंथरुणास खिळलेल्याची कूस वेळोवेळी बदलावी.

(३) लोभाने नव्हे, मैत्रीचित्ताने सेवा करणे : याचा अर्थ परिचारिकेने पगार मागू नये असा नव्हे. पैशाकडे किंवा ओळखीकडे पाहून रुग्णारुग्णांत भेद करू नये, असा आहे.

(४) किळस न करणे : आपल्या देशात तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग फार आहे. जखमेला दुर्गंधी येते. अशा वेळी रुग्ण मलमपट्टीकडे नव्हे, पट्टी करणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो.

(५) धम्मकथेने धीर देणे : प्रवचन देणे एवढाच याचा अर्थ आम्ही घेत नाही. आधी रुग्णाचे ऐकून घ्यावे लागते. पुष्कळदा घरची माणसे रोगाचे नावही त्याला सांगू देत नाहीत. तो सिस्टरला विचारतो आणि ती अडचणीत सापडते.

आता प्रश्न असा की हे गुण परिचारिकेत असले म्हणजे पुरे काय? एका पाळीत रुग्ण फार असतील, मॉर्फिन रुग्णालयात नसेल, तिने सांगितलेली रुग्णाची वेदना डॉक्टर ऐकून घेत नसतील, तर तिची मैत्री खाटेपर्यंत पोहोचत नाही. रोज मृत्यू पाहून तीही थकते. तिलाही धीर लागतो. परिचारिका असलेल्या व पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढले. वेदना शरीराची, मनाची, कुटुंबाची व श्रद्धेचीही असते, हे त्यांनी मांडले. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे कठीण झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची पद्धत सुटसुटीत केली. म्हणजे करुणेला व्यवस्थेची जोड लागते. तथागतांनीही स्वतः सेवा केली आणि मग संघासाठी नियम घातला.

महावग्गात रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आपला त्रास परिचारकाला खरा सांगणे हा त्यांतील एक. आपली माणसे, विशेषतः आयाबहिणी, दुखणे गिळून बसतात. त्यांना बोलते करणे हे नातेवाइकांचे काम आहे. सभासदांनी रुग्णाजवळ आळीपाळीने बसावे. घरच्यांना दोन घास खाण्यास व झोपण्यास सवड मिळेल. नर्सिंगकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाचही गुण अंगी आणावेत. आणि एखादी सिस्टर तुटकपणे बोलली, तर तिला दोष देण्यापूर्वी तिच्याकडे किती खाटा आहेत, हे आपण एकदा मोजावे.