हिमक्रीडेचा शिक्षक कसा घडतो?

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा, नाहीतर मासळीच्या पाटीतला. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सियस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचे. असे असताना मानखुर्दच्या खाडीकाठी राहणाऱ्या विद्यार्थिनीने बर्फावर घसरण्याच्या खेळाविषयी लिहावे आणि त्यातही तो खेळ शिकवणाऱ्यांविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण मी राष्ट्रीय छात्रसेनेत आहे. आमच्या फलकावर पर्वतारोहण वर्गाची सूचना लागली, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता लक्षात आले की परदेशात हा नुसता खेळ नाही. त्याचे शिक्षक असतात, त्या शिक्षकांच्या परीक्षा असतात आणि त्या परीक्षांवर पोट भरणारी माणसे असतात. शिवाय ‘स्वतःला येणे’ आणि ‘दुसऱ्याला शिकवता येणे’ या दोन गोष्टींतील अंतर या व्यवसायात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

पूर्वपीठिका

स्की म्हणजे पायांना बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय आडवे रोवून उभे राहायची एकच रुंद फळी. स्की फार प्राचीन आहे. बर्फाळ देशांतील लोक हजारो वर्षे शिकारीसाठी व प्रवासासाठी ती वापरत आले. तिचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकात. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नॉरहाइम याने टाच आवळून धरणारी बांधणी वापरात आणली आणि त्यामुळे उतारावर वळणे घेणे सोपे झाले. स्नोबोर्ड त्या मानाने कालचे पोर. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन या गृहस्थाने घरच्या मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या, त्यातून त्याचा उगम झाला. १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो ऑलिंपिकमध्ये दाखल झाला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे नाव हान्नेस श्नायडर यांचे. ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन या गावात त्यांनी १९०७ पासून पाहुण्यांना स्की शिकवायला सुरुवात केली आणि पुढे तेथे शाळा उभी केली. त्यांचे मोठेपण असे की त्यांनी शिकवण्याला क्रम दिला. विद्यार्थ्यांचे त्यांच्या कुवतीप्रमाणे वर्ग पाडले. आधी पाचर, मग पाचरीतून वळण, मग दोन्ही स्की समांतर ठेवून वळण, अशा पायऱ्या बांधल्या. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर त्यांना अटक झाली. १९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले व तेथे पुन्हा शिकवू लागले. गाव सुटले, देश सुटला, पण हातची विद्या बरोबर गेली.

पहिला धडा : पडणे

नवशिक्याला पहिल्या दिवशी काय शिकवतात? प्रथम पडायला शिकवतात, मग पडल्यावर उठायला. पडताना शक्यतो एका कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला पडावे. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवाव्यात, नाहीतर उठण्याच्या आतच माणूस घसरू लागतो. त्यानंतर आडवी पावले टाकीत चढण चढणे. त्यानंतर पाचर, म्हणजे स्कींची पुढची टोके जवळ व मागची टोके लांब ठेवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उलटे करावे तसा आकार करणे. कडा बर्फात रुततात आणि वेग आटोक्यात येतो. वळायचे असेल तर वळणाच्या बाहेरच्या पायावर भार द्यायचा. डावीकडे वळायचे तर उजव्या पायावर. भीती वाटली की माणूस मागे, डोंगराकडे झुकतो आणि नेमका तेथेच तोल जातो. शरीर पुढे, उताराकडे ठेवावे लागते. हे सांगायला सोपे असले तरी घाबरलेल्या माणसाच्या गळी उतरवणे कठीण, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेच लागते.

शिस्तीचेही नियम आहेत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ साली वर्तनाचे दहा नियम घालून दिले. त्यांतील एक मला फार आवडतो. मागून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडावा की पुढे असलेल्याला धोका पोहोचणार नाही. मागचा कितीही वेगवान असो, जबाबदारी त्याचीच.

शिक्षक होण्याच्या पायऱ्या

परदेशात प्रत्येक देशाची प्रशिक्षक-संघटना आहे. कॅनडाची संघटना १९३८ पासूनची. ब्रिटनमधील संघटना १९६१ साली स्थापन झाली. दोन्हींकडे चार पायऱ्या आहेत. ब्रिटिश पद्धतीतील पहिल्या पायरीचा मुख्य वर्ग पाच दिवसांचा असतो, परंतु तेवढ्याने भागत नाही. मान्यताप्राप्त शाळेत अनुभवी शिक्षकाच्या मागे राहून ३५ तास त्याचे शिकवणे पाहावे लागते. त्याच्या जोडीला प्रथमोपचार आणि मुलांच्या सुरक्षिततेचे पाठ असतात. दुसऱ्या पायरीसाठी दहा दिवसांचा वर्ग व ७० तासांचा अनुभव लागतो. सर्वांत वरच्या पायरीवर दुसरी भाषा यावी लागते, हिमस्खलनाचे ज्ञान लागते आणि वेगाची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत ठरलेल्या प्रमाणवेळेपेक्षा पुरुषांना १८ टक्के व स्त्रियांना २४ टक्के यांहून अधिक वेळ लागून चालत नाही.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की खालच्या पायऱ्यांवर वेगाची परीक्षा नाही. तेथे पाहतात ते असे : उमेदवार कृती सावकाश व स्वच्छ करून दाखवतो का? विद्यार्थ्याची चूक त्याच्या नजरेला दिसते का? दिसलेल्या पाच चुकांपैकी आधी कोणती सुधारायची हे त्याला कळते का? मी संध्याकाळी आमच्या वस्तीतील बारा मुलांची शिकवणी घेते. भागाकार चुकणाऱ्या मुलाची खरी अडचण पुष्कळदा भागाकारात नसते, पाढ्यांत असते. स्कीच्या शिक्षकालाही वळण चुकले म्हणजे आधी उभे राहण्याची ढब पाहावी लागते, हे वाचून तो दूरचा बर्फ मला एकदम ओळखीचा वाटला.

दुसरी गोष्ट ब्रिटनची. स्कॉटलंडचे डोंगर सोडले तर त्या देशात स्कीजोगा बर्फ फारसा पडत नाही. म्हणून तेथे ब्रशासारख्या प्लॅस्टिकच्या चटया अंथरलेले उतार बांधले आहेत आणि कित्येकांचा पहिला धडा त्यांवरच होतो. बर्फ दाराशी नसणे ही अडचण खरी, पण ती शेवटची भिंत नव्हे.

झळाळीमागची बाजूही सांगितली पाहिजे. हे काम हंगामी आहे. उत्तर गोलार्धात साधारण डिसेंबर ते एप्रिल, आणि न्यूझीलंडसारख्या दक्षिणेकडील देशांत जून ते ऑक्टोबर. म्हणून पुष्कळ शिक्षक वर्षातून दोन हिवाळे पाहतात व स्वतःचे घर क्वचित पाहतात. राहण्याजेवण्यासह आठ-दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च, विमानाचे भाडे धरून, कित्येक लाख रुपयांवर जातो. प्रमाणपत्र मिळाले तरी परक्या देशात काम करण्याचा परवाना वेगळा मिळवावा लागतो. आमच्यासारख्यांच्या घरात हे आकडे मोठ्याने वाचण्याचीही चोरी.

आपल्याकडची शाळा

मग आपला मार्ग कोणता? गुलमर्गला १९२७ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला. १९४८ मध्ये मेजर जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने तेथे लष्कराची स्की शाळा निघाली. तिचेच पुढे उच्च पर्वतीय युद्धशाळेत रूपांतर झाले. नागरिकांसाठी गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. मनालीची पर्वतारोहण संस्थाही सोलंगच्या उतारांवर स्कीचे वर्ग घेते. गुलमर्गच्या परिसरात वाढलेला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये त्याने ४५ वा क्रमांक मिळवला.

पर्वतारोहणाच्या शिक्षणाची आपली परंपरा तर अधिक भक्कम आहे. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत प्राथमिक वर्ग २८ दिवसांचा, नंतर प्रगत वर्ग, आणि त्यात उत्तम श्रेणी मिळवणाऱ्यांसाठी २१ दिवसांचा ‘शिक्षणपद्धती’ वर्ग असतो. सह्याद्रीत कधी बर्फ पडत नाही. तरीही १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ची मोहीम यशस्वी झाली. पुढे याच मंडळींनी पुण्यात पर्वतारोहणाची शिक्षणसंस्था सुरू केली. कड्याकपारींत सराव, हिमालयात शिक्षण आणि परत येऊन इतरांना शिकवणे, हा मार्ग मराठी माणसाने चालून दाखवला आहे.

तेनसिंग विद्यार्थी होतात

या साऱ्या वाचनात ज्या घटनेने मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ती येथे सांगते. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे यांनी एडमंड हिलरी यांच्यासह एव्हरेस्ट सर केले. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयीन पर्वतारोहण संस्था निघाली आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सूत्रे तेनसिंग यांच्याकडे सोपवण्याचे ठरले. तेव्हा १९५४ साली त्यांना स्वित्झर्लंडला पाठवण्यात आले. तेथे रोझेनलाउई येथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या शाळेत, शिकवायचे कसे याचे धडे त्यांनी घेतले. सोबत आणखी काही शेर्पाही होते.

क्षणभर विचार करावा. ज्याच्या पायाखाली जगातील सर्वोच्च शिखर आले होते, तो चाळिशीचा माणूस विद्यार्थ्यांच्या रांगेत बसला. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेले तेनसिंग, ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, ते शिक्षक होण्यासाठी परदेशी गेले आणि परत येऊन त्यांनी पुढे अनेक वर्षे तरुणांना घडवले. शिखर चढणे ही एक विद्या व शिकवणे ही दुसरी, हे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. महाविद्यालयाची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिली. घरात पुस्तके नव्हती म्हणून ज्ञान आपल्यासाठी नाही, असे मनात आले की मला रोझेनलाउईचा तो विद्यार्थी आठवतो.

छात्रसेनेतून पर्वतारोहणाच्या प्राथमिक वर्गासाठी होणाऱ्या निवडीत मी नाव दिले आहे. निवड झाली तर खर्चाचा भार शासन उचलते. हा वर्ग स्कीचा नाही, त्यात खडक, बर्फ व दोर यांचे शिक्षण असते, पण बर्फावर पाऊल टाकण्याची सुरुवात तेथून होऊ शकते. घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, “घसरायला एवढ्या लांब कशाला जायचं? पावसाळ्यात आपली गल्ली काय कमी आहे?” आईने मात्र वेगळेच विचारले, “महिनाभर शिकवणी बंद, म्हणजे तुझ्या फीचं काय?” तो प्रश्न खरा आहे, कारण त्या बारा मुलांच्या पैशांतूनच माझे शुल्क भरले जाते. मी माझ्या मैत्रिणीला ती मुले सांभाळण्यास विचारले आहे आणि सध्या रोज तासभर तिला माझ्याबरोबर बसवते. कोणाचे पाढे कच्चे, कोण लाजून प्रश्न विचारत नाही, कोणाला आधी शाबासकी द्यावी लागते, हे तिला दाखवते आहे. पहिल्या दोन दिवसांत ती नुसती पाहत होती. काल तिने एका मुलीला भागाकार समजावून दिला.