परवलीचा शब्द : कार्यालयाचा नवा शिक्का

कार्यालयाचा शिक्का आणि तिजोरीची किल्ली यांबाबत शासकीय व पंचायतीच्या कारभारात पूर्वापार एक शिस्त चालत आली आहे. किल्ली ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. बदली झाली म्हणजे किल्ल्यांची नोंद कार्यभाराच्या यादीत होते आणि कोऱ्या कागदावर सही करून देणे हा गंभीर प्रमाद समजला जातो.

आज या कार्यालयांतील बराचसा कारभार संगणकावरून चालतो. शिक्षकांची वेतनदेयके शालार्थ प्रणालीतून तयार होतात, विद्यार्थ्यांची माहिती यू-डायस प्लसवर भरली जाते, तर ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतून होणारी प्रदाने ई-ग्रामस्वराज प्रणालीत डिजिटल स्वाक्षऱ्यांनी मंजूर होतात. शिक्क्याचे रूप पालटले आहे. परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, हा आता कार्यालयाचा शिक्का आहे. त्याला लागू असलेली जुनी शिस्त मात्र अनेक ठिकाणी मागेच राहिली.

विश्वास आणि जबाबदारी

परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला असतो. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणक परिचालकाच्या खणात असते. यामागे लबाडीचा हेतू क्वचितच असतो. एकाच अधिकाऱ्याकडे अनेक गावे, माहिती भरण्याची शेवटची तारीख आणि मध्येच खंडित होणारी वीज, अशा अडचणींतून ही सवय जडते. परंतु प्रदानासाठी दोघांच्या स्वाक्षऱ्या ठेवण्याचा उद्देशच असा, की एकाचे काम दुसऱ्याने तपासावे. दोन्ही टोकने एकाच खणात राहिली तर ही तपासणी नावापुरती उरते. पुढे चौकशीचा प्रसंग आला, तर नोंद स्वाक्षरी असणाऱ्याच्या नावे निघते, आणि विश्वासाने काम करणाऱ्या परिचालकावरही विनाकारण संशय येतो.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार, डिजिटल स्वाक्षरीची खासगी कळ आपल्या ताब्यात राहील याची वाजवी दक्षता घेणे हे धारकाचे कर्तव्य आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणकर्त्या संस्थेला विनाविलंब कळवावे लागते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा परवलीचा शब्द कपटाने वापरणाऱ्यास कलम ६६-सी खाली ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एका शब्दाची किंमत

एका परवलीच्या शब्दाची हयगय केवढी महाग पडते, हे अमेरिकेत २०२१ साली दिसून आले. कलोनियल पाइपलाइन ही कंपनी सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने इंधन पुरविते. चोरट्यांनी तिच्या संगणकांत प्रवेश मिळविला, तो वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका जुन्या खात्यातून. त्या खात्याचा परवलीचा शब्द त्यांच्या हाती लागला होता आणि त्यापलीकडे दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. नळमार्ग काही दिवस बंद राहिला, अनेक पंपांवरील इंधन संपले आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. त्यातील काही रक्कमच पुढे परत मिळविता आली.

यातून तीन धडे मिळतात. बदलून गेलेल्या वा निवृत्त कर्मचाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. एका ठिकाणचा परवलीचा शब्द दुसरीकडे वापरू नये. आणि जेथे सोय असेल तेथे मोबाइलवरील संकेतांकासारखी दुसरी पडताळणी सुरू ठेवावी.

शब्द निवडताना लांबीला महत्त्व द्यावे. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या तुलनेत बारा अक्षरांच्या शक्य रचना सुमारे साडेचार लाख पट होतात. गावाचे नाव, जन्मतारीख किंवा मुलांची नावे टाळावीत. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडल्यास ते लक्षात राहतात व ओळखणे कठीण जाते.

फसवे टपाल

परवलीचा शब्द चोरण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो मालकाकडूनच मागून घेणे. ‘आपले खाते आज बंद होईल, येथे दाबा’ किंवा ‘वरिष्ठांचा तातडीचा आदेश’ अशा मजकुराचा ई-मेल येतो. घाई आणि भीती ही त्याची खूण होय. पाठविणाऱ्याचे केवळ नाव न पाहता पूर्ण पत्ता अक्षरशः वाचावा. मेलमधील दुव्यावरून खाते न उघडता नेहमीचा पत्ता स्वतः टंकून उघडावे. पैसे वळते करण्याचा किंवा बँक खाते बदलण्याचा आदेश असल्यास, पत्ता बरोबर दिसला तरी, आपल्याकडे आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री करावी. परवलीचा शब्द वा संकेतांक कोणीही विचारला तरी सांगू नये.

चूक झालीच तर

चूक झाल्यास ती लपविण्याने हानी वाढते. दुसऱ्या सुरक्षित संगणकावरून परवलीचा शब्द तत्काळ बदलावा आणि वरिष्ठांना कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. म्हणूनच वरिष्ठांनीही प्रथम उपाय करावा व जाब नंतर विचारावा. बोलणी खाण्याच्या भीतीने कर्मचारी गप्प राहिला, तर तो वेळ चोराच्या पदरात पडतो.

प्रत्येक परिचालकास त्याच्या कामापुरते स्वतंत्र खाते मिळवून देणे, टोकन धारकाने स्वतःजवळ ठेवणे आणि कार्यभाराच्या यादीत किल्ल्यांबरोबर संगणकीय खात्यांचीही नोंद करणे, या गोष्टींना फारसा खर्च नाही. पंचायतीच्या मासिक सभेत आणि शाळेच्या बैठकीत त्यांचा एकदा आढावा घेतला, तरी गावाच्या पैशाला आणि कर्मचाऱ्याच्या नावाला मोठे संरक्षण लाभेल.