मागच्या घराचं डिपॉझिट किती परत मिळालं?

मुलगा अमेरिकेत, आईवडील त्याच्याकडे गेलेले आणि कोथरूडचा किंवा बाणेरचा फ्लॅट बंद. अशा घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. भाडेकरू शोधणं, करार करणं, गळके नळ आणि सोसायटीची पत्रं निस्तरणं हे माझं काम. त्या कामातून जमलेलं थोडं सांगते.

१. ‘भाडेकरू कसा हवा’ ही मालकाची यादी बहुतेक वेळा निरुपयोगी असते. फॅमिली हवी, शाकाहारी हवी, बॅचलर नकोत. काही जण तर आडनाव ऐकूनच ‘कळवतो’ म्हणतात. या यादीत भाडं वेळेवर देणारा माणूस कुठेच नसतो! खराडीत आयटीतल्या मुली राहून गेल्यावर नुसती जळमटं काढून घर पुन्हा भाड्याने दिलेलं मी पाहिलंय, आणि सोवळ्यातल्या कुटुंबाने सोडलेल्या घराच्या स्वयंपाकघराला अ‍ॅसिडनेही दाद दिली नाही तेही पाहिलंय. सोसायटीचे सेक्रेटरी ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणून दटावतात. पण आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. सोसायटीला बिगरभोगवटा शुल्क घेता येतं, तेही २००१च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हे नम्रपणे, पण लेखी सांगावं.

२. चौकशी आधीच्या मालकाकडे करावी, आत्ताच्या नव्हे. आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो त्याला देवमाणूस ठरवतो, ठेवून घ्यायचा असेल तर कुरकुरतो. त्याच्याही आधीच्या मालकाला आता काहीच मिळवायचं नसतं. त्यांना ‘भाडं वेळेवर द्यायचे का’ असं विचारलं की ‘हो हो’ येतं. मी विचारते, “काका, जाताना डिपॉझिट किती परत दिलंत?” मग खरं बोलणं सुरू होतं. पूर्ण दिलं असेल तर बहुतेक वेळा काम झालं. कापलं असेल तर कशाचे कापले हे विचारायचं. ‘रंगाचे’ एवढंच म्हणाले तर मी ते भाडेकरूच्या खात्यावर टाकत नाही, कारण रंगाचे पैसे कापायची काही मालकांना सवयच असते. महावितरणचं थकलेलं बिल, उखडलेला दरवाजा किंवा शेवटच्या दोन महिन्यांचं ‘डिपॉझिटमधून वळतं करा’ हे मात्र लक्षात ठेवावं.

३. पगाराच्या आकड्यापेक्षा तारीख बोलकी असते. ऑफर लेटर म्हणजे अजून न मिळालेला पगार. त्याऐवजी बँक स्टेटमेंट मागावं, बाकी सगळं झाकून फक्त भाड्याच्या ओळी दाखवल्या तरी चालतं. दर महिन्याला पाच तारखेच्या आत पैसे गेलेले दिसले की मी पगार किती हे फारसं खोदत नाही. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असलं म्हणजे पुरे. ‘अकरा महिन्यांचं भाडं आजच रोख देतो, करार कशाला हवा’ म्हणणाऱ्याला मात्र चहा पाजून निरोप द्यावा.

४. करार नोंदवायला जो टाळाटाळ करतो त्याची वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. पुण्यातल्या मालकाची भीती जुनी आहे. १९४७च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यांमुळे पेठांमधल्या कित्येक वाड्यांत महिन्याच्या भाड्यात एक बल्बही येत नाही, मग छपराची दुरुस्ती कोण करणार? ती भीती मनात घेऊनच लोक अजून फ्लॅट बंद ठेवतात. पण ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह अँड लायसन्सच्या घराची वाट वेगळी आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तोवर दुप्पट भाडं लागू होतं. त्यासाठी करार मात्र नीट हवा. कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं. स्टँप पेपरवर नुसती नोटरी करून निर्धास्त झोपणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. खर्च म्हणाल तर २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब धरला तर मुद्रांक शुल्क सातशेच्या वर थोडं, नोंदणी फी एक हजार. अंगठा घरबसल्या घेतला जातो.

५. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. तीही द्यावी. जुलै २०२३ मध्ये कोथरूडला दुचाकी चोरताना पकडलेले दोघे एनआयएला हवे असलेले निघाले, आणि ते कोंढव्यात भाड्याने राहत होते.

६. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. त्यांची सॅलरी स्लिप मागणं हास्यास्पद आहे. पैसे ज्याच्याकडून येणार त्याच्याशी बोलावं. लातूरहून किंवा बीडहून वडील खोली बघायला स्वतः आले, तर मी पोराला फार प्रश्न विचारत नाही. वडिलांना मात्र एक विचारते: परीक्षेची तारीख पुढे गेली तर किती महिने पाठवू शकाल? या तारखा पुढे जातातच.

७. जो काहीच विचारत नाही त्याच्याबद्दल मला शंका येते. मुक्काम करायचा असतो तो माणूस खोदून विचारतो. पाणी किती वाजता येतं, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, पार्किंग नावावर आहे का, गीझर बिघडला तर कोण दुरुस्त करणार, वरच्या मजल्याची गळती थांबली का. वाघोलीत टँकरचा प्रश्न न विचारता टोकन द्यायला निघालेल्या माणसाला एक तर फार घाई असते, नाहीतर तिथे फार दिवस राहायचंच नसतं. अशा वेळी मी टोकन घेत नाही, ‘उद्या पाण्याच्या वेळेला पुन्हा या’ म्हणते. काही जण येतात, नळ सोडून बघतात, मग भाड्यात हजार रुपये कमी करा म्हणून घासाघीस करतात. त्यांना मी पाचशे कमी करून घर देते.