ऑर्किडची कुंडी बदलताना पैसे कशावर घालावेत?

नर्सरीतून पाचशे ते हजार रुपयांना आणलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड दोन-तीन महिने फुलतं आणि पहिल्याच पावसाळ्यात मान टाकतं. बहुतेक वेळा पाणी जास्त झालं असं म्हणून आपण विषय संपवतो. खरं कारण मुळांशी असतं. विक्रीला आलेल्या रोपाच्या मुळांभोवती बरेचदा स्फॅग्नम मॉसचा किंवा कोकोपीटचा घट्ट गोळा बसवलेला असतो. पॉलिहाऊसमध्ये वारा आणि पाणी मोजून दिलं जातं, तिथे तो चालतो. आपल्या गॅलरीत जुलै-ऑगस्टमध्ये तोच गोळा आतून वाळत नाही आणि मुळं कुजतात.

आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड झाडाच्या फांदीवर, उघड्या मुळांनी वाढतं. त्या मुळांवरचं पांढरट, स्पंजासारखं आवरण पाणी झटकन शोषतं आणि मग त्याला वारा लागतो. घरी आणतो त्या फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमचीही घडण अशीच असते. म्हणून त्यांना माती नको, गांडूळखताने भरलेली कुंडीही नको. ज्याच्या तुकड्यांमध्ये मोकळी जागा राहील असं माध्यम हवं.

आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक घरांना पुरेसं माध्यम म्हणजे नारळाची सोडणं आणि लाकडी कोळसा. सोडण पिकलेल्या, वाळलेल्या नारळाचं घ्या. शहाळ्याचं ओलं सोडण फुकट मिळालं तरी नको, ते लवकर कुजतं. कोयत्याने साधारण इंचभर तुकडे करून बादलीत भिजत घाला आणि पाणी रोज बदला. सोडणात क्षार असतात आणि तांबूस रंग सुटतो. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, हे करायलाच हवं. तयार तुकडे विकत घेतले तर किलोला साधारण शंभर ते दोनशे रुपये पडतात, पण तेही भिजवल्याशिवाय वापरू नका.

कोळसा वखारीतून किंवा इस्त्रीवाल्याकडून घ्या. लोणारी कोळसा किलोला पन्नास ते शंभर रुपयांपर्यंत मिळतो. बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटा घेऊ नका, त्यांत चिकटवण्याची आणि पेटवण्याची द्रव्यं असू शकतात. कोळसा फोडण्याआधी ओला करा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. तुकडे अंगठ्याच्या पेराएवढे ठेवा आणि भुगा चाळून काढून टाका. भुगाच मोकळ्या जागा बुजवतो, त्यामुळे चाळणीचा कंटाळा करू नये. भाजलेल्या विटेचे तुकडे बांधकामाजवळ फुकट मिळतात. मात्र त्यांना सिमेंट किंवा चुना चिकटलेला नसावा. उंच वाढणाऱ्या डेंड्रोबियमची कुंडी कलंडू नये म्हणून तळाशी वीट उपयोगी पडते.

पाच इंची कुंडीत साधारण एक लिटर माध्यम मावतं. चार कुंड्यांसाठी निम्मी सोडणं आणि निम्मा कोळसा घेतला, तर विकतच्या मालानेही दीडशे ते अडीचशे रुपयांत काम होतं. घरचे नारळ असतील तर पन्नास-साठ रुपयांच्या कोळशावर भागतं.

पाइनच्या सालीचे तुकडे, म्हणजे दुकानातला पाइन बार्क, किलोला दोनशे ते चारशे रुपये. माल उत्तम आहे, हळू कुजतो आणि पाणी बेताने धरतो. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत, आठवड्यातून दोनदाच पाणी घालणं जमत असेल तर त्यावर खर्च करायला हरकत नाही. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तो जादा खर्च मला पटत नाही. स्फॅग्नम मॉस शंभर ग्रॅमला दीडशे ते चारशे रुपये. मुळं गमावलेलं रोप सावरायला किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात वर पातळ थर द्यायला मूठभर पुरतं. अख्खी कुंडी त्याने भरू नका. हाताळताना हातमोजे घाला, त्यातली बुरशी जखमेतून त्वचेला बाधू शकते.

‘ऑर्किड मिक्स’ नावाच्या तयार पिशवीला किलोला दोनशे ते चारशे रुपये मोजताना सावध राहा. काही पिशव्यांत वर चार तुकडे साल आणि खाली कोकोपीट भरलेलं असतं. वजनावरही जाऊ नका, ओला माल जड भरतो. किती लिटर आहे ते विचारा, घटक वाचा आणि पिशवी पारदर्शक असेल तर तळ बघा. ऑनलाइन मागवताना पाठवणीचा खर्च धरूनच दराची तुलना करा. वाचलेले पैसे कुंडीवर घाला. बाजूंना भोकं असलेली मातीची किंवा पारदर्शक प्लास्टिकची कुंडी तीस ते दीडशे रुपयांत मिळते. पारदर्शक कुंडीत मुळं दिसतात: हिरवी असली की ओल आहे, रुपेरी झाली की पाणी द्यायचं.

वर दिलेले दर शहर, नर्सरी आणि पिशवीचा आकार यांप्रमाणे बदलतील.

फुलं संपल्यावर आणि नवी मुळं फुटताना कुंडी बदला. जुनं माध्यम काढून पोकळ, मऊ मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. कात्री प्रत्येक झाडाला नव्याने पुसा, रोग तिच्यातूनही पसरतात. मुळांचा घेर मावेल एवढीच कुंडी निवडा. मोठी कुंडी ओल धरून ठेवते. मुळं कापली असतील तर पाणी दोन-तीन दिवसांनी सुरू करा.

सोडण आपल्या हवेत दीड-दोन वर्षांत मऊ पडतं. कोळसा कुजत नाही, पण खताचे क्षार धरून ठेवतो, म्हणून महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधं पाणी वाहू द्या. कुंडीवर तारीख लिहून ठेवा, आणि दोन वर्षांनी झाड छान दिसत असलं तरी सोडणं बदला.