वॅगनची वाघीण कशी झाली?

‘मालगाडीला चाळीस वाघिणी जोडल्या होत्या’ असे वाक्य कोणी मोठ्याने वाचले, की लहान वर्गातली पोरं हमखास हसतात. गाडीला वाघिणी कशा जोडणार? पण वाक्य अगदी बरोबर आहे. मालगाडीच्या एका डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, आणि या वाघिणीचा जंगलाशी काहीएक संबंध नाही. मूळ शब्द इंग्रजी, ‘वॅगन’. आपल्याकडे आगगाडी आली तेव्हा हमाल, खलाशी, शेतकरी यांच्या कानांवर हा शब्द पडला. ‘वॅ’ हा उच्चार त्या वेळी जिभेवर बसलेला नव्हता. तेव्हा माणसांनी जवळचा, ओळखीचा शब्द धरला आणि वॅगनची वाघीण केली. प्लॅटफॉर्मचा फलाट असाच झाला, आणि टिकिटाचे तिकीट. मला तर वॅगनपेक्षा वाघीणच आवडते. तिचे अनेकवचन होते, तिला प्रत्यय लागतो. वाघिणीत, वाघिणीवर, वाघिणींना. म्हणजे ती पुरती घरची झाली.

आता ‘वॅगन’ तरी इंग्रजांचा स्वतःचा शब्द आहे का? तसेही नाही. तो त्यांनी सुमारे पाचशे वर्षांपूर्वी डच लोकांकडून घेतला. डच आणि जर्मन भाषांत ‘वागन’ म्हणजे गाडी. पुण्याजवळ चाकणला ‘फोक्सवॅगन’ मोटारीचा कारखाना आहे. त्या नावाचा अर्थ ‘लोकांची गाडी’ एवढाच.

पण खरी गंमत पुढेच आहे. संस्कृतात ‘वह्’ असा धातू आहे. वह् म्हणजे वाहून नेणे. त्यावरून वाहन, वहन हे शब्द आले. भाषेचे अभ्यासक सांगतात, की हा ‘वह्’ आणि ‘वॅगन’ यांचे मूळ एकच. फार फार पूर्वी जी एक भाषा होती तिच्यातून दोघे निघाले. संस्कृतात जिथे ‘ह’ राहिला, तिथे तिकडच्या काही शब्दांत ‘ग’ आला. आपण हंस म्हणतो, तर त्याच मुळातून इंग्रजीत बदकासारख्या पक्ष्याला ‘गूस’ म्हणतात. तसेच वाहन आणि वॅगन. म्हणजे ही चुलत भावंडे झाली. एक युरोपात वाढले, एक आपल्याकडे, आणि रेल्वेच्या फलाटावर दोघांची पुन्हा गाठ पडली. आपण डोक्यावर ओझे वाहतो, देवाला फूल वाहतो, प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना वाहतात, ते सगळे ‘वाहणे’ याच घरातले.

इंग्रजीत वॅगन आणि कार्ट यांत फरक करतात. दोन चाकांची ती कार्ट आणि चार चाकांची ती वॅगन. म्हणून आपली बैलगाडी वॅगन नव्हे. अमेरिकेत जुन्या काळी लोक वर कापड ताणलेल्या मोठ्या वॅगनमध्ये सगळा संसार घालून महिनोन्महिने पश्चिमेकडे जात. ते चित्र पाहून मला आपल्याकडे बीडकडून येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवल्या. त्यांच्याही गाडीत भांडी, पाण्याची कळशी, कोंबडी आणि वर बसलेली आपल्याच वयाची मुले असतात. कारखाना चालू आहे तोवर त्यांची शाळा बुडते. गाडीला दोन चाके असोत की चार, त्यांना त्याचा काय फरक?

आता थोडा हिशेब. रेल्वेच्या एका मोठ्या वाघिणीत सुमारे ५८ टन माल मावतो. उसाच्या बैलगाडीत साधारण २ टन ऊस धरा. म्हणजे एक वाघीण बरोबर २९ बैलगाड्या. साखरेची ५० किलोची पोती भरली तर ११६० पोती. आणि अशा ५८ वाघिणींची एक गाडी असते. म्हणून तर कोळसा, खत, सिमेंट, धान्य असा जड माल रेल्वेने पाठवणे परवडते. कोळशाची वाघीण वरून उघडी असते, धान्याची आणि सिमेंटची बंद, आणि पेट्रोलची म्हणजे आडवी टाकी.

मालगाडी सुटताना ‘खड खड खड’ असा आवाज इंजिनाकडून मागे पळत जातो, तो ऐकलात का? दोन वाघिणींच्या जोडणीत थोडी मोकळीक असते. त्यामुळे इंजीन सगळ्या गाडीला एकदम ओढत नाही. आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी असे एकेक वजन त्याच्यावर येते. शेवटची वाघीण मात्र एकदम हिसका खाऊन निघते. म्हणूनच उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडे जायचे नाही. ड्रायव्हर अर्ध्या किलोमीटरहून लांब असतो, खाली कोण शिरलेय ते त्याला दिसत नाही.

आपले कराडचे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीच्या बाजूला आहे. ओगल्यांचा काचकारखाना तिथेच होता. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील देशभर प्रसिद्ध होता. त्या काळी पुणे-मिरज रूळ अरुंद होते, दोन रुळांत फक्त १ मीटर अंतर. मुंबईकडच्या मोठ्या रुळांवरची वाघीण इकडे येऊच शकत नव्हती. सगळा माल पुण्याला उतरवून पोतंन्‌पोतं दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. १९७० नंतर लवकरच इथले रूळ रुंद झाले आणि हमालांच्या पाठीवरचे ते दुहेरी ओझे संपले.

याच रुळांवर, आपल्याच तालुक्यातल्या शेणोलीला, ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारच्या नोकरांचा पगार नेणारी गाडी अडवली. पुढे रुळांवर दगड रचले. गाडी मागे पळू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही दगड टाकले. हाती काठ्या, विळे आणि दोन-चार बॉम्ब एवढीच हत्यारे. जी. डी. बापू लाड आणि कुंडलचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड त्यात पुढे होते. पुष्कळ लोक ‘शेणोलीला गाडी लुटली’ असे म्हणतात. कॅप्टन भाऊंना मात्र ‘लुटली’ हा शब्द मान्य नव्हता. इंग्रजांनी आपल्या लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असे ते म्हातारपणीही बजावून सांगत. ते २०२२ साली वारले.

पालकांना एक विनंती. आपल्यापैकी कोणी, किंवा घरातल्या आजोबा-आजींनी स्टेशनवर माल चढवला-उतरवला असेल, तर त्या कामातले त्यांचे शब्द कागदावर लिहून मुलांबरोबर पाठवा. पुढच्या महिन्यात ते याच फळ्यावर लावीन.